चोरीच्या मासळीला बाजार बंद



बेल्ह्याच्या बैलबाजारात खोंड विकला की पावती होते. देणारा कोण, घेणारा कोण, जनावराचा रंग कसला, शिंगे कशी, हे त्या कागदावर येते. नवख्याला हा नुसता उपद्व्याप वाटतो. पण ज्याच्या गोठ्यातून एकदा बैल गेला आहे, त्याला त्या पावतीची किंमत विचारा. चोर धरायला रात्रभर गोठ्याच्या दारात बसून किती दिवस भागणार? बिनपावतीचे जनावर बाजारात कोणी हाती धरेना, असे झाले की चोराला त्या जनावराचे करायचे काय हाच प्रश्न पडतो.

आज हीच गोष्ट समुद्राच्या मासळीबद्दल सांगायची आहे. पुष्कळांना वाटेल, तळेघरला बसून साहेब समुद्राच्या गप्पा कशाला मारतात? भाताचे बोला, हिरड्याच्या भावाचे बोला. तेही बोलू. पण भीमाशंकरच्या नागफणीवर उभे राहिले तर खाली कोकण पसरलेले दिसते. तिकडचा बोंबील, जवळा आणि सुकट घाट चढून आपल्या बाजारात येते आणि आगोटीला प्रत्येक घरात भरून ठेवली जाते. शिवाय आपल्या उशाशी डिंभ्याचे पाणी आहे आणि त्या पाण्यावर आज आपलीच माणसे मासेमारी करून पोट भरतात. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

समुद्रातली चोरी म्हणजे काय, ते आधी पाहू. परवाना नसताना मासे धरणे, बंदीच्या काळात धरणे, बंदी असलेल्या जाळ्याने धरणे, दुसऱ्याच्या हद्दीत शिरून धरणे, किती धरले ते लपवणे किंवा खोटे सांगणे, हे सगळे त्यात येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या अशा मासळीचा अंदाज वर्षाला १ कोटी १० लाख ते २ कोटी ६० लाख टन असा काढला होता. चोरीचा हिशेब कधी नेमका लागत नाही, म्हणून त्या दोन आकड्यांत एवढे अंतर आहे. पण खालचा आकडा धरला तरी तो थोडाथोडका नाही.

ही चोरी समुद्रावर धरणे महाकठीण. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा कायदा राज्याचा. त्यापुढे २०० मैलांपर्यंतच्या पाण्यावर १९७६ च्या कायद्याने भारताचा हक्क आहे. आपल्या राज्याला सातशे किलोमीटरहून अधिक किनारा. एवढ्या पाण्यावर पहारा ठेवायला गस्तीच्या नौका किती आणणार? डोंगरात वणवा लावणारा सापडत नाही, तो तर पायी चालणारा असतो. इथे चोर तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनावर बसलेला.

सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांची तक्रार तुम्ही कधी ऐकली असेल. कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर रात्री आपल्या हद्दीत येतात, तळ खरवडून नेतात आणि गस्तीची नौका दिसली की पसार होतात. दुसरी तक्रार एलईडी दिव्यांची. नौकेवर जनित्र बसवून पाण्यावर लख्ख उजेड पाडायचा, त्या उजेडाला आजूबाजूची मासळी गोळा होते, लहानमोठी सगळीच, आणि मग तिच्याभोवती जाळे आवळायचे. शेजारच्या साध्या जाळीवाल्याला त्या रात्री काही उरत नाही. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आणले. पण आदेश निघाला म्हणून दिवे विझले असे झाले नाही.

आपल्या राज्याचा कायदा १९८१ चा. त्यात एक गंमत होती. नौका समुद्रात पकडायची मत्स्यव्यवसाय खात्याने आणि दंडाचा निवाडा करायचा तहसीलदाराने. तहसीलदाराकडे काय काय कामे असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. सातबारा, दुष्काळ, निवडणूक, गारपिटीचे पंचनामे आणि त्या ढिगाखाली मासळीचा खटला. २०२१ साली कायदा दुरुस्त झाला, निवाड्याचे अधिकार खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आले आणि दिव्यांच्या मासेमारीचा दंड लाखांच्या घरात गेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू झाली. हे सगळे चांगलेच झाले. तरी हा पहारा गोठ्याच्या दारातला आहे. आता बाजाराच्या दाराकडे वळू.

द्राक्षबागायतदारांना ही पुढची गोष्ट चटकन कळेल. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरतात त्या लिहोसीनचा अंश मण्यांत सापडला. नारायणगावपासून नाशिकपर्यंत बागायतदार हवालदिल झाले. कोणी शिपाई पाठवून आपल्या बागेत लिहोसीन बंद केले नव्हते. घेणाऱ्याने माल घेतला नाही, एवढेच झाले, आणि पुढच्या हंगामात प्रत्येकाने फवारणीची वही काढली. बागेची नोंदणी, प्लॉटचा क्रमांक, उर्वरित अंशाची तपासणी आणि मग परदेशी रवानगी, ही अपेडाची ग्रेपनेटची पद्धत आपल्याकडे आता अंगवळणी पडली आहे. पेटीवरचा आकडा पाहून माल कोणाच्या बागेतला ते तिकडे बसून सांगता येते.

मासळीला युरोपने तेच लावले. १ जानेवारी २०१० पासून समुद्रात धरलेली मासळी युरोपात न्यायची तर तिच्यासोबत पकड दाखला लागतो. कोणत्या नौकेने, कोणत्या पाण्यात, कधी आणि किती मासळी धरली, हे त्यावर असते आणि ज्या देशाची नौका त्या देशाच्या सरकारी यंत्रणेने त्यावर सही करायची असते. आपल्याकडे हे काम कोचीच्या सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमपेडाकडे आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा मुंबईच्या ससून डॉकला उतरलेला माकुल स्पेनला किंवा इटलीला निघाला, की त्याच्यामागे हा कागद जातो. जानेवारी २०२६ पासून युरोपने ही सगळी नोंद संगणकावर आणली आहे.

नुसत्या कागदावर ते थांबले नाहीत. जो देश आपल्या नौकांना आवर घालत नाही त्याला आधी पिवळे कार्ड दाखवायचे आणि तरीही सुधारणा झाली नाही तर लाल. कबड्डी पाहणाऱ्या पोरांना विचारा, ती अर्थ सांगतील. लाल कार्ड म्हणजे त्या देशाच्या नौकांनी धरलेली मासळी युरोपात बंद.

शेजारच्या श्रीलंकेवर ही वेळ आली. तिथून युरोपला ताजी ट्यूना आणि तलवार मासा मोठ्या प्रमाणावर जात असे. त्यांच्या नौका खोल समुद्रात जात, पण कुठे जातात, किती धरतात, याचा हिशेब सरकारकडे धड नव्हता. २०१२ मध्ये इशारा झाला, ऑक्टोबर २०१४ मध्ये बंदीचे ठरले आणि जानेवारी २०१५ पासून दरवाजा बंद. मग मात्र तिथल्या सरकारने धावपळ केली. कायदे बदलले, दंड वाढवले, खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसवली. जून २०१६ मध्ये बंदी उठली. थायलंडला एप्रिल २०१५ मध्ये पिवळे कार्ड मिळाले. तिथे तर नौकांवर मजुरांना गुलामासारखे राबवल्याच्या कथा बाहेर आल्या होत्या. बंदरातून जाताना आणि येताना प्रत्येक मोठ्या नौकेची तपासणी सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये कार्ड मागे घेतले.

एकट्या युरोपने दार लावून मात्र भागत नाही. एका बाजारात नाकारलेला बैल शेजारच्या बाजारात खपला तर पावतीचा उपयोग काय? म्हणून देशादेशांत करार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत २००९ साली बंदरांचा करार ठरला आणि ५ जून २०१६ पासून तो लागू झाला. त्यात असे आहे, की परक्या देशाच्या नौकेवर चोरीचा संशय असेल तर तिला बंदरात घ्यायचे नाही किंवा आत घेऊन तपासायचे, माल उतरवू द्यायचा नाही, डिझेल-पाणी द्यायचे नाही आणि ही खबर इतर देशांना कळवायची. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नौकेला कधीतरी किनाऱ्याला यावेच लागते. आपल्या हिंदी महासागरातल्या ट्यूनासाठी वेगळा आयोग आहे, भारत त्याचा सदस्य आहे आणि नियम मोडणाऱ्या नौकांची यादी तिथे सर्वांसाठी उघडी ठेवली जाते.

आता पैशाचा मुद्दा. जगात मोठ्या नौका परक्या समुद्रात हजारो मैल जातात त्या बऱ्याचदा सरकारी पैशावर. डिझेलला सूट, नौका बांधायला अनुदान. जागतिक व्यापार संघटनेत वीस वर्षे याच्यावर घोळ चालला आणि जून २०२२ मध्ये करार झाला, की चोरट्या मासेमारीला आणि ज्या मासळीचा साठा खालावला आहे तिच्या मासेमारीला सरकारने पैसा द्यायचा नाही. १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला, तेव्हा तो स्वीकारणाऱ्या देशांत भारत नव्हता. भारताचे म्हणणे असे, की ज्यांनी अनुदानाच्या जोरावर जगाचे समुद्र उपसले त्यांनी आधी हात आखडता घ्यावा आणि आमच्या छोट्या मच्छीमाराला पुरेसा अवधी द्यावा. भारताने पंचवीस वर्षे मागितली होती. छोट्या मच्छीमाराची बाजू मला पटते. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या सभासदाला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो बंद झाला तर साताठ माणसांची नौका किनाऱ्यालाच बसेल. पण त्या छोट्याच्या आडोशाला आपलेही काही बडे नौकामालक उभे राहतात, हेही तितकेच खरे आहे. खताच्या अनुदानाच्या वेळी हा प्रकार आपण पाहिलेला आहे.

व्यापाराची ही काठी कधी कधी भलत्याच पाठीवर पडते. कोळंबीचे उदाहरण घ्या. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर समुद्री कासव अडकते आणि गुदमरून मरते. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला, की कासव सुटून जाईल अशी खिडकी जाळ्याला नसेल तर त्या देशाची समुद्रातली कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी मिळून व्यापार संघटनेत दावा लावला. १९९८ मध्ये निकाल लागला. कासव वाचवण्याचा हेतू योग्य, पण सर्व देशांना सारखे वागवले नाही, म्हणून अमेरिकेची पद्धत चुकली, असा तो निकाल. आपण जिंकलो म्हणून पेढे वाटावे असे त्यात काही नव्हते, कारण अमेरिकेने पद्धत सुधारली आणि नियम राहिलाच. २०१८-१९ पासून आपल्या ट्रॉलरची कोळंबी अमेरिकेला जात नाही. तळ्यात वाढवलेली जाते, आणि आंध्रची तळी मोठी असल्याने देशाचा एकूण आकडा फारसा हलत नाही. झळ लागते ती समुद्रावर जगणाऱ्याला.

तशी खिडकी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केव्हाच तयार केली आहे. जाळ्याच्या गळ्यात तिरपी जाळी बसवायची; कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झापेतून बाहेर पडते. ट्रॉलरवाले म्हणतात, कासवाबरोबर आमचा मालही जातो. थोडा जात असेलही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून गावकरी कासवांची अंडी राखतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपतात, पिल्ले समुद्रात सोडतात. एका गावाने पहाटे उठून पिल्ले सोडायची आणि दुसऱ्याने ती मोठी झाल्यावर जाळ्यात मारायची, याला काही अर्थ आहे का?

व्यापाराच्या या उपायाला आणखी एक मोठे भोक आहे. परदेशी जाणारा माल तेवढाच त्यात गवसतो. बोंबील, जवळा, मांदेली, छोटे पापलेट युरोप कधी पाहत नाहीत. ते आपल्याच ताटात येतात. द्राक्षांचे नाही का, तिकडे नापास झालेली पेटी इकडच्या बाजारात आली! तेव्हा घरच्या बाजाराची पावती आपणच व्हायला हवे.

सातपाटीचे पापलेट एके काळी ताटभर मोठे असायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केले, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. पापलेटची ही लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीपेक्षा थोडी जास्त. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून घरी आणणे म्हणजे लागवडीसाठी ठेवलेले बी दळून खाणे. त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. माझी घरातल्या बायकांना विनंती आहे, की मंचरला किंवा पुण्याला मासळी घेताना वीत लावून बघावी. विकणारी रागावेल, पण पुढच्या खेपेला मोठे आणेल.

मात्र यात एक घोटाळा करू नये. लहान दिसते ते सगळे पिल्लू नव्हे. जवळा जन्मभर जवळाच राहतो, मांदेली मोठी होऊन हातभर होत नाही. तेव्हा आगोटीचा जवळा बिनधास्त भरावा. १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक नौकांना बंदी असते. आपल्याकडे तेव्हा भाताची आवणी चालू असते आणि समुद्रात पुष्कळ मासळी अंडी घालत असते. त्या दोन महिन्यांत कोणी ताजी समुद्राची मासळी म्हणून दारात आला, तर ती बर्फातली जुनी आहे, साध्या होडीवाल्याची आहे, की बंदी मोडून आणलेली, हे विचारायला लाजू नये.

आता घरच्या पाण्याकडे येतो. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि ज्या आंबेगावच्या नावाने आपला तालुका ओळखतात ते गावच पाण्याखाली गेले. आपल्या डोंगरातले महादेव कोळी हे नावाने कोळी, पण मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा नव्हे. भात, नाचणी आणि हिरडा यांच्यावर जगणारी ही माणसे. शेते बुडाल्यावर त्यांनी जाळे हातात घेतले. पुढे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेच्या साथीने २००६ साली आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि जलाशयातल्या मासेमारीचा हक्क धरणग्रस्तांकडे आला. शाश्वतच्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आपल्या खोऱ्याचे नाव तिथवर गेले, हे आपल्याच पुष्कळ लोकांना ठाऊक नाही.

अशा पाण्यात परदेशी ट्रॉलर येणार नाही. पण बारीक आसाचे जाळे, पाण्यात विष किंवा सुरुंगाची दारू, रात्री चोरून टाकलेली जाळी, हे कोणत्याही धरणावर होऊ शकते. विष आणि दारू वापरणे हा १९६० च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, आणि ते पाणी आपली गुरेही पितात. संस्थेने सोडलेले कटला-रोहूचे बोटुकले बोटभर असताना धरले तर त्याला कवडीमोल भाव. तेच पाणी-खाद्य पुरेसे असेल तर वर्षभरात किलोच्या आसपास जाते. सभासदांनी एवढे तरी करावे: जाळ्याचा आस किती ठेवायचा ते सभेत ठरवावे, अंडी घालण्याच्या पावसाळी दिवसांत हात राखावा, आणि कोणी, कधी, कोणती मासळी, किती किलो आणली, याची वही रोज लिहावी. वही लिहायला घरातली शाळेत जाणारी मुलगी पुरे.

त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मच्छीमाराला आणि मत्स्यशेती करणाऱ्याला मिळाव्यात, असा तो निर्णय. मच्छीमाराला किसान क्रेडिट कार्डही मिळू शकते. पण बँकेच्या खिडकीवर गेले की पहिला प्रश्न येतो: उत्पन्न किती, पुरावा काय? दूधवाल्याकडे डेअरीचे पुस्तक असते, ऊसवाल्याकडे कारखान्याची चिठ्ठी असते. मासेवाला रिकाम्या हाताने उभा राहतो आणि परत येतो. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांनाही हेच लागू. बीज कोठून आणले त्याची पावती, किती सोडले, किती निघाले आणि कोणाला विकले, हे पहिल्या दिवसापासून लिहावे. अर्जाचा नमुना जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळतो. आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला जवळ ठेवावा. शेततळेवाल्यांनी सातबाऱ्याचा उतारा घ्यावा आणि त्यावर तळ्याची नोंद झाली आहे ना, ते निघण्याआधी तलाठ्याकडून पाहून घ्यावे.